शोक-समुपदेशन: कोणाला लागतं, कोणाला नाही, आणि त्या खोलीत होतं तरी काय

घरात मृत्यू झाला की दोन सल्ले हमखास ऐकू येतात. एक जुना: मन घट्ट करा, काळ हेच औषध. दुसरा अलीकडचा: समुपदेशकाला भेटा, कौन्सेलिंग घ्या. जुना सल्ला कानाला कोरडा लागतो, पण बहुतेकांच्या बाबतीत तो पुष्कळसा खरा ठरतो. नवा सल्ला काही जणांना अक्षरशः तारून नेतो, तरी तो सरसकट प्रत्येकाला दिला तर फारसा फायदा दिसत नाही. २००८ साली जोसेफ करिअर, रॉबर्ट नीमायर आणि जेफ्री बर्मन यांनी शोकग्रस्तांवरच्या उपचारांचे तोवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा असंच चित्र पुढे आलं. ज्यांचा त्रास खरोखर गंभीर होता त्यांना समुपदेशनाचा उपयोग झाला. ‘जवळचं माणूस गेलंय ना, मग घ्या’ एवढ्याच कारणावर ज्यांना ते दिलं गेलं, त्यांच्यात आणि काहीच न घेतलेल्यांत काही काळाने फरक उरला नाही.

माणसाला शोक पेलता येतो. तो दुखतो, शरीराला पिळून काढतो, पण बहुतेकांच्या बाबतीत आपली वाट आपण शोधतो. काही जणांच्या बाबतीत मात्र तो कुठेतरी अडकून बसतो. समुपदेशनाचं खरं काम त्या अडकलेल्या जागी असतं.

साधा शोकही साधा नसतो

१९४२ साली अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात एका नाइटक्लबला आग लागून ४९२ माणसं गेली. एरिक लिंडेमान या मनोविकारतज्ज्ञांनी त्या आगीतून वाचलेल्यांशी आणि गेलेल्यांच्या नातेवाइकांशी बोलून १९४४ साली एक निबंध लिहिला. शोक दिसतो कसा, याची इतकी बारकाईने नोंद तोवर क्वचितच कोणी केली होती. त्यांना आढळलं की शारीरिक त्रास लाटांसारखा येतो. एकेक लाट वीस मिनिटांपासून तासभर टिकते. घसा आवळतो, श्वास अपुरा पडतो, अंगातलं बळ जातं. शिवाय अपराधी वाटतं, मदतीला आलेल्यांवरच चिडायला होतं, आणि गेलेल्या माणसाची प्रतिमा डोळ्यांपुढून हलत नाही.

आजही समुपदेशकासमोर बसलेले लोक हेच सांगतात, आणि शेवटी दबक्या आवाजात विचारतात, ‘मला वेड तर लागत नाहीये ना?’ गर्दीत पाठमोरा माणूस बघून ‘हेच ते’ असं वाटणं, रोजच्या वेळेला दाराकडे कान लागणं, हाक ऐकू आल्याचा भास होणं, हे सगळं अगदी नेहमीचं आहे. कारणही समजण्यासारखं आहे. वर्षानुवर्षं सोबत राहिलेल्या माणसाबद्दल आपल्या मनात न बोलता एक हिशेब चालू असतो: आता तो कामावर असेल, आता निघाला असेल, आता जिना चढत असेल. मृत्यूची बातमी एका क्षणात कळते. हा हिशेब थांबायला महिने लागतात. आणि दर वेळी तो चुकला की बातमी पुन्हा पहिल्यांदा कळल्यासारखी लागते.

छातीचं दुखणं मात्र शोकाच्या नावावर खपवू नका. जबर मानसिक धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा तात्पुरता फुगतो आणि लक्षणं थेट हृदयविकाराच्या झटक्यासारखी दिसतात, अशी एक अवस्था १९९० च्या सुमारास जपानमधल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा वर्णन केली. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये ती जास्त आढळते. बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात, पण हा झटका आहे की ती अवस्था, हे तपासणीशिवाय डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

पाच पायऱ्या विसरलात तरी चालेल

नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. ही यादी इतकी पसरली आहे की शोकाबद्दल दुसरं काही ठाऊक नसलं तरी ही ठाऊक असते. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ साली ती मांडली, ती असाध्य आजारी माणसांशी झालेल्या बोलण्यावरून. म्हणजे जे स्वतः मृत्यूला सामोरे जात होते त्यांच्याबद्दल. मागे राहिलेल्यांना ती नंतर चिकटवली गेली, आणि माणसं त्या क्रमाने पुढे सरकतात याला भक्कम पुरावा मिळालेला नाही. नुकसान एवढंच नाही. ‘मला राग आलाच नाही, म्हणजे माझं काही दाबलं जातंय का?’ अशी एक नवीच काळजी या यादीने लोकांना दिली आहे. आपला शोक परीक्षेसारखा तपासत बसणं हे दुःखावर आणखी एक ओझं.

त्यापेक्षा १९९९ साली मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी मांडलेलं चित्र मला अधिक माणसाळलेलं वाटतं. शोकात असलेला माणूस दोन कामं आळीपाळीने करतो. एक, गमावलेल्याकडे तोंड करणं: रडणं, आठवणं, फोटो काढून बसणं. दुसरं, बदललेल्या जगाकडे तोंड करणं: बँकेचे कागद, मुलांची शाळा, आजवर तो करायचा ती कामं शिकणं, एखाद्या संध्याकाळी चक्क हसणं. या दोन्हींत ये-जा चालू असेल तर गाडी रुळावर आहे असं समजायचं. सकाळी ढसाढसा रडलेली बाई दुपारी भाजीचा हिशेब चोख करते, यात खोटेपणा नाही. त्रास होतो तो ये-जा थांबली की. कोणी दिवसरात्र आठवणीतच राहतं, तर कोणी कामाच्या डोंगरामागे असं लपतं की आठवणीला दारच उघडत नाही.

विसरायचं नसतं

समुपदेशक ‘आता त्यांना सोडून द्या, पुढे चला’ असं सांगतील, अशी भीती घेऊन बरेच जण जायचं टाळतात. एकेकाळी सिद्धान्त तसाच होता. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१७ साली लिहिलं की शोकाचं काम म्हणजे गेलेल्यात गुंतलेलं मन हळूहळू सोडवून घेणं. पुढे १९२० साली त्यांची मुलगी सोफी इन्फ्लुएंझाने गेली. नऊ वर्षांनी, मुलगा गमावलेल्या एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांचा सूर अगदी वेगळा आहे: तीव्र शोक ओसरतो, पण ती जागा कशानेही भरत नाही, आणि भरू नयेच, कारण ते प्रेम चालू ठेवण्याचा तोच एक मार्ग आहे. सिद्धान्तकार आणि बाप यांच्यात बाप बरोबर निघाला, असं म्हणायला हरकत नाही.

शास्त्राला तिथे पोचायला वेळ लागला. विल्यम वॉर्डन यांनी १९८२ साली शोकातली चार कामं सांगितली: मृत्यू झाला हे मान्य करणं, वेदना सोसून बघणं, त्या माणसाविना असलेल्या जगाशी जुळवून घेणं, आणि चौथं म्हणजे भावना तिथून काढून दुसरीकडे गुंतवणं. हे चौथं काम पुढच्या आवृत्त्यांत त्यांनी स्वतःच बदललं. आता त्याचा अर्थ असा: गेलेल्याशी टिकाऊ नातं ठेवून पुढचं आयुष्य जगणं. १९९६ साली डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच विचार नेटाने मांडला. आईशी मनातल्या मनात बोलणं, निर्णय घेताना ‘बाबा काय म्हणाले असते’ असा विचार करणं, हे शोक रेंगाळल्याचं लक्षण मानायचं कारण उरलं नाही.

मग अडकलं कधी म्हणायचं?

नैसर्गिक मृत्यूनंतर मागे राहिलेल्या प्रौढांपैकी साधारण दहातल्या एकाचा शोक अडकतो, असं २०१७ मधल्या एका एकत्रित विश्लेषणात आढळलं. अपघात, खून, आत्महत्या किंवा मूल गमावणं, यांत हे प्रमाण बरंच जास्त असतं. आता या अवस्थेला वैद्यकीय नाव आहे: दीर्घकालीन शोक-विकार. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत तो आहे. तिथे किमान ६ महिने ही अट आहे. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या सूचीत तो मार्च २०२२ मध्ये आला. तिथे प्रौढांसाठी १२ महिने, मुलांसाठी ६.

फक्त तारीख मोजून निदान होत नाही, हे नीट लक्षात घ्या. जवळपास रोज, दिवसाचा मोठा भाग व्यापणारी ओढ किंवा त्याच विचारांत बुडून राहणं हा गाभा. त्याच्या जोडीला ‘माझाही एक भाग मेला’ असं वाटणं, मृत्यूवर अजून विश्वासच न बसणं, आठवण करून देणाऱ्या प्रत्येक गोष्टीपासून पळणं, मन बधिर होणं, माणसांत परत मिसळता न येणं, जगण्यात अर्थ न उरणं, तीव्र एकटेपणा अशांपैकी बरंच काही. या सगळ्यामुळे रोजचं जगणं खुंटलेलं असतं, आणि त्या समाजात जेवढा शोक रीतसर धरला जातो त्याच्या कितीतरी पलीकडे ते गेलेलं असतं. दुःखाला आजाराचं लेबल लावल्याबद्दल यावर टीका झाली, आणि ती सगळीच चुकीची नव्हती. पण माणूस जाऊन चार वर्षं झाली तरी त्याच्या खोलीचं दार न उघडलेल्या बाईला ‘हे असंच असतं’ म्हणून सोडून देण्यापेक्षा नाव देऊन मदत करणं मला बरं वाटतं.

नैराश्य ही वेगळी गोष्ट. शोकात वेदना आठवणीबरोबर उसळते, मध्ये ओसरते, आणि तीच आठवण एखाद्या वेळी हसवतेही. नैराश्यात सगळंच सपाट होतं आणि माणूस स्वतःला कवडीमोल ठरवतो. दोन्ही एकत्रही असू शकतात. तेव्हा औषध लागू शकतं. पण नैराश्यावरची गोळी शोकाची ओढ कमी करत नाही, असं २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. तिचा उपयोग झाला तो शोकावरच्या थेरपीच्या जोडीला, नैराश्याच्या लक्षणांवर.

त्या खोलीत

पहिल्या भेटीत चांगला समुपदेशक मृत्यूबद्दल कमी आणि माणसाबद्दल जास्त विचारतो. ते कसे होते? कशावर चिडायचे? तुमची ओळख कशी झाली? इतर सगळे त्या माणसाचं नाव टाळत असतात. इथे ते मोकळेपणाने घेतलं जातं. ‘गेले’, ‘आता नाहीत’ याबरोबर ‘मृत्यू झाला’ हे शब्दही उच्चारले जातात. तुमची झोप, दारू, एकटं राहणं, आधीचा मानसिक आजार, घरात कोण आहे, याची चौकशी होते. मरणाचे विचार येतात का, हेही थेट विचारलं जातं. विचारल्याने तसा विचार डोक्यात घुसतो हा गैरसमज आहे.

साध्या आधारासाठी आलेल्या माणसाला अशा काही भेटी पुरतात. शोक अडकला असेल तर आखीव उपचार लागतो. कॅथरीन शिअर यांनी विकसित केलेली पद्धत साधारण १६ सत्रांची आहे. २००५ मधल्या चाचणीत तिच्यामुळे ५१ टक्के लोकांना स्पष्ट सुधारणा जाणवली. तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या मान्यवर थेरपीत २८ टक्क्यांना. या पद्धतीतला सगळ्यात अवघड भाग असा: डोळे मिटून, मृत्यूची बातमी कळली तो प्रसंग वर्तमानकाळात सांगायचा. ‘फोन वाजतोय. मी उचलते. पलीकडे दीर आहेत.’ त्याचं रेकॉर्डिंग होतं आणि घरी ते रोज ऐकायचं. ऐकायला हे क्रूर वाटेल. पण टाळत राहिलेला प्रसंग मनात सदैव पहिल्याच दिवसाइतका ताजा राहतो. पुन्हा पुन्हा, सोबतीला कोणी असताना, सांगितला की तो घडून गेलेल्या गोष्टीत जमा होऊ लागतो. सांगून झाल्यावर लगेच उठवून घरी पाठवत नाहीत. ते बाजूला ठेवून शांत व्हायलाही शिकवतात, आणि घरी गेल्यावर स्वतःसाठी काहीतरी सुखाचं करायचं, हे आधीच ठरलेलं असतं.

पुढे टाळलेल्या जागांची यादी करतात: ते हॉस्पिटल, तो रस्ता, ते कपाट. सोप्यापासून सुरुवात करून एकेका जागी जायचं. कधी गेलेल्या व्यक्तीला समोर कल्पून बोलायचं आणि मग तिच्या वतीने स्वतःच उत्तर द्यायचं. आणि पहिल्या काही सत्रांपासूनच एक प्रश्न बाजूला चालू असतो: हा शोक आटोक्यात आला असता, तर तुम्हाला स्वतःसाठी काय करावंसं वाटलं असतं? अनेकांना या प्रश्नाचं उत्तर सुचायलाच कित्येक आठवडे लागतात.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो अपराधभाव. ‘त्या रात्री मी झोपले नसते तर.’ ‘आणखी एका डॉक्टरला दाखवलं असतं तर.’ नातेवाईक लगेच म्हणतात, ‘तुझी काही चूक नव्हती गं,’ आणि त्याने काडीचाही फरक पडत नाही, कारण तिने आपली बाजू मांडण्याआधीच निकाल लागलेला असतो. समुपदेशक घाई करत नाही. तो त्या रात्रीचा घटनाक्रम मांडायला लावतो: त्या घटकेला तुम्हाला काय माहीत होतं? काय दिसत होतं? डॉक्टर काय म्हणाले होते? तुम्ही किती रात्री जागत होता? आज हाती असलेली माहिती त्या वेळच्या निर्णयातून वेगळी काढली की बऱ्याचदा दोष आपोआप विरघळतो. कधी नाही विरघळत. कधी चूक खरीच झालेली असते. कठोर बोललेलं असतं, भेटायला जायचं राहिलेलं असतं. तेव्हा ‘चूक नव्हती’ असं खोटं समाधान देण्यापेक्षा क्षमा मागणारं पत्र लिहिणं, ते मोठ्याने वाचणं, हे जास्त उपयोगी पडतं. अनेक वर्षं आजारपण काढलेल्यांना मृत्यूनंतर सुटल्यासारखं वाटतं आणि त्याचीच लाज वाटते. आणि ज्यांना गेलेल्या बापाने आयुष्यभर छळलं, त्यांना कशाचं रडू येतंय तेच कळत नाही. हे सगळं बोलायला घराबाहेरचा माणूस बरा पडतो, कारण घरातल्या प्रत्येकाचं दुःख वेगळं आणि बाजूही वेगळी असते.

ज्या दुःखाला कोणी दुःख म्हणत नाही

गर्भपात, घटस्फोट झालेला जोडीदार, जगापासून लपवलेलं नातं, पाळीव प्राणी, जिवलग मित्र. इथे भेटायला कोणी येत नाही, रजा मिळत नाही. केनेथ डोका यांनी १९८९ पासून अशा मान्यता न मिळालेल्या शोकावर लिहिलं. अशा वेळी समुपदेशनाचा अर्धा उपयोग ‘हे खरंच दुःख आहे’ एवढं कोणीतरी गंभीरपणे ऐकून घेण्यात असतो.

बेपत्ता माणसाच्या घरच्यांची अवस्था त्याहून विचित्र. पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात युद्धात बेपत्ता झालेल्या अमेरिकन वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. रडावं तर आशा सोडल्यासारखं, न रडावं तर जगणं थांबलेलं. स्मृतिभ्रंश झालेल्या आईबद्दलही तेच: ती समोर बसली आहे आणि ती नाही. इथे ‘सत्य स्वीकारा’ म्हणणारा समुपदेशक चुकतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात बाळगायला शिकवणं हेच इथलं काम.

मुलांबद्दल थोडक्यात: ‘झोपलेत’, ‘गावाला गेलेत’ असं सांगू नका. लहान मूल ते शब्दशः घेतं आणि मग झोपायला घाबरतं. मेलेला माणूस परत येत नाही, त्याला दुखत नाही, आणि हे तुझ्यामुळे झालेलं नाही, ही तीन वाक्यं साध्या शब्दांत, पुन्हा पुन्हा सांगावी लागतात. पाच मिनिटं रडून मूल खेळायला पळालं तर त्याला काही वाटत नाही असं समजू नका. मुलं शोक असाच तुकड्यातुकड्याने करतात.

जाण्याआधी

पहिल्या आठवड्यात समुपदेशन सहसा लागत नाही. अपघातानंतर सगळ्यांना एकत्र बसवून, एकाच बैठकीत सगळं बोलायला लावण्याची पद्धत एकेकाळी लोकप्रिय होती. तिचा उपयोग होत नाही, काहींना उलट त्रास होतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना ती वापरू नका असं सांगते. पहिल्या आठवड्यात थांबायला हरकत नाही, याला अपवाद एकच: ‘मलाही तिकडेच जायचंय’ याला कसं आणि केव्हा याची जोड मिळाली असेल, तर थांबू नका. माणसाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी तातडीची मदत मिळवा. आत्महत्येने माणूस गमावलेल्यांच्या बाबतीत ही सावधगिरी अधिकच हवी.

समुपदेशकाला विचारायला संकोच करू नका: शोकावरच्या कामाचं प्रशिक्षण घेतलंय का? किती सत्रं अपेक्षित आहेत? मला बरं वाटतंय की नाही, हे आपण कसं ठरवणार? औषधं लिहून देणं हे मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांचं काम, तेव्हा गरज पडली तर समुपदेशक त्यांच्याकडे पाठवतो का, हेही विचारा. अमुक सत्रांत दुःख संपवून देण्याची हमी देणारा, किंवा गेलेल्याशी संपर्क साधून देतो म्हणणारा, त्याच्याकडून उठून यावं. सुरुवातीच्या एखाद्या सत्रानंतर दिवसभर जास्त हलल्यासारखं वाटू शकतं, ते बिघडल्याचं लक्षण नाही. पण चार-पाच भेटींनंतरही या माणसासमोर मोकळं होता येत नसेल, तर समुपदेशक बदलावा. त्यात कृतघ्नपणा काही नाही.

समारोपाची तयारी काही सत्रं आधीपासून करतात, कारण समुपदेशकाचा निरोप हाही एक निरोपच असतो आणि ज्याने नुकतंच कोणी गमावलंय त्याला तो लागतो. शेवटच्या भेटींमध्ये वर्षातले अवघड दिवस एका कागदावर मांडले जातात: वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, मृत्यूची तारीख, हॉस्पिटलात भरती केलं तो दिवस. प्रत्येकासमोर लिहायचं, त्या दिवशी कुठे असाल आणि सोबत कोण असेल. त्या सुमारास झोप बिघडली, रडू आलं, तर आधीचं काम वाया गेलं असा अर्थ होत नाही, हेही आधीच सांगून ठेवतात. गरज वाटली तर त्या दिवसांच्या आसपास एखादं जादा सत्र घेता येईल का, ते याच भेटीत विचारून ठेवावं.